काचेतली गोधडी

आमच्या घरातलं कुठलंही कार्य माझ्याशिवाय पार पडत नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही!

वरकुट्याच्या आमच्या वस्तीवर माणसं भरपूर, ऊस त्याहून भरपूर, पण डोकं चालवणारी मी एकटीच. माझे यजमान विजयसिंह. हे सकाळी डोळे उघडतात ते 'टोळी आली का?' असं म्हणत. टोळी म्हणजे ऊसतोडीची. तिच्यापुढं बायको, चहा, आंघोळ सगळं नंतर. सासरे संभाजीराव, म्हणजे आमचे आबा, यांचा आवाज असा की विहिरीवरून हाक मारली तर शेजारच्या गावचा बैल थांबतो. आणि सासूबाई द्वारकाबाई, त्यांना मी आत्या म्हणते. मनात आलं की तोंडात आलं, मध्ये थांबा नाही.

राहिले धाकटे दीर राजवर्धन. बारामतीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. कुणाच्याही शेतातली मूठभर माती घेऊन तिच्यात काय कमी आहे ते सांगायचे, पण लग्नाचा विषय काढला की स्वतःच मातीचा गोळा होऊन बसायचे.

शेवटी स्थळ शोधलं ते मीच! बारामतीला माझी मावसबहीण रेश्मा असते. तिच्याशी बोलता बोलता मी सहज विषय काढला आणि तिनं चटकन नाव सांगितलं, "अगं, वल्लरी म्हणून मुलगी आहे. वडील चिंतामणराव बँकेतून निवृत्त झालेत. आई इंदिराताई, शाळेत मराठी शिकवायच्या. सोन्यासारखी माणसं!" मी भावजींना फोटो दाखवला. त्यांनी तो उलटा धरून बघितला आणि मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, वहिनी."

असा गुणी दीर! माझे तर डोळेच भरून आले.

दोन्ही घरांची एका गोष्टीत पक्की जुळणी होती. आबा म्हणायचे, "पोरांनी परस्पर जमवायचं आन आमी फकस्त अक्षता टाकाय उभं ऱ्हायाचं? त्ये आपल्यात चालायचं न्हाय!" आणि इंदिराताईंनी रेश्माला अगदी तेच शुद्ध मराठीत सांगितलं होतं. त्यामुळं माझ्या हातून रीतसर आलेलं हे स्थळ दोन्हीकडं पसंत पडायला हरकत नव्हती. फक्त भेटायचं कुठं, एवढंच ठरायचं होतं.

आमच्या घरी? छे! आबा पाहुण्याला पाणी पाजायच्या आधी ठिबक दाखवतात. मागच्या वेळी एक पाहुणे ठिबक बघायला गेले ते एकाच चपलेवर परत आले. दुसरी अजून उसात आहे. आणि आत्या पाहुण्याला एवढं वाढतात की त्याला उठवायला दुसरा पाहुणा बोलवावा लागतो.

मग मला सुचलं, संग्रहालय! बारामतीला जुन्या, आपल्या हातमागाच्या कापडांचं एक संग्रहालय झालंय. रेश्मा म्हणाली, इंदिराताईंनी घरातली एक जुनी वस्तू तिथं भेट दिलीय, त्यांना तिथं फार मान आहे. मला तर टाळीच वाजवावीशी वाटली. तिथं कशाला हात लावायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, खायचं नाही. म्हणजे आमच्या माणसांना चुकायला जागाच नाही!

भावजींना फोन करून सांगितलं, तर पलीकडं काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"हॅलो? भावजी?"

"वहिनी, हॉटेलात भेटू या ना."

"हॉटेलात काय भेटायचं? तिथं आबा वेटरला हाका मारतील."

"तिथं पार्किंग नाही हो."

"आहे. मी विचारलंय."

"एसी फार आहे. आईला सर्दी होईल."

"स्वेटर घालतील!"

मी म्हटलं, लाजतोय बिचारा. लाजू दे.

ठरल्या दिवशी आम्ही बोलेरोनं निघालो. माघातली थंडी होती. वाटेतल्या जंक्शन गावात चहाला थांबलो तेव्हा मी सगळ्यांची शेवटची उजळणी घेतली.

"आबा, तुमचा आवाज?"

"बारीक ठिवायचा."

"हात?"

"पाठीमागं."

"आत्या, तुम्ही?"

"मी काय बोलायचंच न्हाय का?"

"बोलायचं. छान आहे, सुंदर आहे, एवढंच बोलायचं."

"आन छान नसलं तर?"

"तरी छान!"

आत्यांनी हिरव्या इरकलीचा पदर नीट केला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. माझं मन निवांत झालं. तिथंच ते निवांत व्हायला नको होतं.

संग्रहालयाच्या दारात ती मंडळी आधीच उभी होती. चिंतामणराव म्हणजे उंच, गोरे, शांत गृहस्थ. त्यांनी नमस्कार केला आणि जणू त्या दिवसाचं बोलणं तेवढ्यातच संपवलं. इंदिराताईंचा चष्मा सोनेरी, साडी कडक आणि नजर अशी, की मी नकळत माझी नखं लपवली. वल्लरी मात्र लाघवी. तिनं वाकून आत्यांना नमस्कार केला. खोलीवरून परस्पर आलेले भावजी तिच्यापासून एवढे लांब उभे होते की वॉचमनला वाटलं ते दुसऱ्याच गाडीतले आहेत!

तेवढ्यात आमच्या ह्यांचा फोन वाजला. टोळीचा मुकादम! "तुम्ही व्हा पुढं," म्हणत हे बाहेरच राहिले. मी मनातल्या मनात म्हटलं, चला, एक माणूस कमी सांभाळायचं.

आतमध्ये श्रेया मॅडम म्हणून तरुण बाई होत्या, त्या संग्रहालयाचं काम बघायच्या. त्यांनी आम्हाला दाखवायला सुरुवात केली. खणांच्या चोळ्या, इरकली लुगडी, जरीचे फेटे, काळ्याभोर घोंगड्या. सगळं कसं मंद उजेडात, काचेच्या पेट्यांत. आबा हात मागं बांधून चालत होते, अगदी कारखान्याचे चेअरमन पाहणीला आल्यासारखे. आत्या प्रत्येक पेटीपुढं थांबून म्हणत होत्या, "छान हाय. सुंदर हाय." एकदा त्या आग विझवायच्या लाल नळकांड्यापुढंही तेच म्हणाल्या, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

इंदिराताई माझ्या कानात म्हणाल्या, "किती रसिक आहेत हो तुमच्या सासूबाई!"

मी तर मनातल्या मनात लग्नाच्या साड्या काढायला घेतल्या.

काळजी एकच होती. भावजी आणि वल्लरी एकमेकांकडं बघायलाच तयार नव्हते. एकाचं तोंड घोंगड्यांकडं, एकीचं फेट्यांकडं. आवडली नाही की काय! आणि शेवटच्या दालनाच्या दाराशी आल्यावर भावजी एकदम म्हणाले, "बास आता. चहा घेऊ या."

"हो हो," वल्लरी घाईनं म्हणाली, "आत काही विशेष नाही."

इंदिराताई थबकल्या. "विशेष नाही? वल्लरी, माझी गोधडी आहे तिथं!"

आणि त्या सगळ्यांना घेऊन आत गेल्या.

दालनाच्या मधोमध मोठी काचेची पेटी. वरून दिव्याचा पिवळा झोत. त्यात पसरलेली गोधडी, अशी ऐटीत, की पंगतीत पाटावर बसलेली नवरीच! खाली पट्टी होती, 'गोधडी. सुमारे शंभर वर्षे जुनी. इंदिराताईंच्या पणजीने शिवलेली.'

इंदिराताईंचा आवाज हळवा झाला. "माझी पणजी मोरगावची. तिच्या हातचा एकेक टाका आहे हा. आमच्या ट्रंकेत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. मी लहानपणी एकदाच बघितली होती. तेव्हा मोठी वाटली होती. आता आपणच मोठे झालो ना!"

श्रेया मॅडमनी निळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या तुकड्याकडं बोट दाखवलं. "हे वस्त्र फार दुर्मिळ असावं. बहुधा सणासमारंभाला वापरत असतील."

मी आत्यांकडं बघितलं. आता 'छान हाय' यायला हवं होतं. आलं नाही. आत्यांनी नाक काचेला टेकवलं होतं. काचेवर वाफ धरली होती.

"आत्या," मी दबक्या आवाजात म्हटलं, "छान आहे ना?"

"ही माझी गोधडी हाय," आत्या म्हणाल्या.

श्रेया मॅडमनी खालची पट्टी पुन्हा एकदा वाचली.

"आन त्यो निळा पट्टा," आत्या पुढं म्हणाल्या, "ह्यांची चड्डी हाय."

माझ्या पायाखाली जमीन होती की नाही, मला आठवत नाही. इंदिराताई मंद हसल्या, शाळेत चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडं बघून हसतात तशा. "बाई, गोधड्या सगळ्या सारख्याच दिसतात हो."

"सारख्या दिसत्यात? आवं, माझ्या हातची गोधडी मला कळायची न्हाय? अहो, तुमी बघा की!"

आबांनी खिशातला चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, वाकले, आणि आवाज बारीक ठेवायचा हे पार विसरले.

"व्हय की! माझीच! नाडीची!"

बाजूच्या दालनातली माणसं दारात येऊन उभी राहिली.

"इंदापुरात शिवली हुती. लई टिकली, कापडच तसलं! आन हितं काय लिव्हलंय? शंभर वर्सं? आवं मॅडम, मीच अजून शंभरीचा झालो न्हाय, माझी चड्डी कशी हुईल?"

श्रेया मॅडमचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. दुर्मिळ वस्त्राकडं दाखवलेलं बोट त्यांनी हळूच मुठीत घेतलं.

"आन ह्यो हिरवा," आत्यांना आता रंग चढला होता, "विजूच्या बारशातल्या माझ्या साडीचा."

"काय बोलतीस! त्यो आपल्या मोडक्या छत्रीचा हाय."

"छत्री काळी हुती!"

"हिरवी हुती! सासुरवाडीची छत्री इसरीन व्हय मी?"

"आबा, आत्या..." मी दोघांच्या मध्ये शिरले, पण मला कोण विचारतो! आत्या इंदिराताईंकडं वळल्या. "पटत नसंल तर खालच्या कोपऱ्यात बघा. जळल्याचं भोक हाय. ह्यांची इडी पडली हुती."

सगळे वाकले. भोक होतं. छान गोल, विडीच्याच आकाराचं.

"ते आम्ही... काळाची खूण म्हणून जपलंय," श्रेया मॅडम पुटपुटल्या.

"काळाची न्हाय, माझी!" आबा अभिमानानं म्हणाले आणि नाडीची जागा दाखवायला त्यांनी काचेवर बोट ठोकलं. त्याबरोबर काहीतरी केकाटलं! अशी किंकाळी, की कारखान्याच्या भोंग्यानं मान खाली घालावी. काचेला धक्का लागला की वाजणारी घंटा होती ती. वॉचमन काठी घेऊन धावत आला. दारातल्या गर्दीत कुणीतरी म्हणालं, "चोरी झाली वाटतं!"

"झालीच हाय की चोरी!" आत्या कडाडल्या. "घरभर हुडकली म्या ही गोधडी! हिच्यापायी शेजारच्या साखरबाईवर आळ घेतला, तिच्याशी बोलणं सोडलं! आन ही हितं दिव्याखाली झोपलीय!"

"म्हणजे आम्ही चोरली म्हणता?" इंदिराताईंचा चष्मा रागानं थरथरला. "आम्ही? तुमच्या... तुमच्या ह्यांची..." पुढचा शब्द त्यांच्या तोंडून काही निघेना.

माझ्या डोळ्यांसमोरून लग्नाच्या साड्या एकेक करून परत दुकानात चालल्या होत्या. वॉचमननं कशीबशी घंटा बंद केली. आणि नेमके तेव्हा आमचे हे फोन खिशात घालत आत आले. सगळ्यांवरून नजर फिरवली, पेटीत बघितलं आणि आनंदानं म्हणाले,

"अरे, ही तर राजूची गोधडी! तो बारामतीला राहायला आला ना, तेव्हा मीच गाडीत टाकली होती. थंडीत लागेल म्हणून."

"आन मला सांगितलं न्हाईस?" आत्या गरजल्या.

"तू कुठं विचारलंस मला?"

यावर पुढं बरंच बोलणं झालं असतं. पण तेवढ्यात सगळ्यांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. गोधडी राजवर्धनची. ती आली वल्लरीच्या घरातून. सगळी तोंडं भावजींकडं वळली. मग वल्लरीकडं. दोघंही छताकडं बघत होती. छतावर काही नव्हतं.

"आई," वल्लरी शेवटी म्हणाली, "मी सांगते. पण आधी बस तू कुठंतरी."

"इथं बसायला बंदी आहे," वॉचमन म्हणाला.

मग उभ्याउभ्याच सगळं बाहेर आलं. वल्लरीही त्याच प्रयोगशाळेत होती. रेश्मानं मला 'खासगी नोकरी' एवढंच सांगितलं होतं! मागच्या हिवाळ्यात तिथली सगळी माणसं कऱ्हाटी गावाला मातीचे नमुने घ्यायला गेली होती. उघड्या जीपमधून पहाटेचं जाणं म्हणून तिनं घरातली सगळ्यांत उबदार गोधडी ट्रंकेतून गुपचूप काढून नेली. तिथं भावजींना ताप भरला. तिनं गोधडी त्यांच्या अंगावर घातली आणि भावजी ती पांघरूनच वरकुट्याला घरी आले. ताप उतरला, पण गोधडी वरकुट्यालाच राहिली. तिनं परत मागितली तेव्हा भावजींनी, तोवर ट्रंकेत ठेवायला म्हणून, स्वतःची दिली.

"आणि दिवाळीत तू अचानक ठरवलंस, पणजीची गोधडी संग्रहालयाला द्यायची," वल्लरी म्हणाली. "ट्रंकेत तर हीच होती. तू डोळे पुसत पुसत दिलीस. मग मला सांगवेना."

"म्हणजे तुम्ही एकमेकांना ओळखता?" इंदिराताईंनी विचारलं.

"थोडंफार," भावजी म्हणाले.

"दोन वर्षं," वल्लरी म्हणाली.

आबांनी हात पाठीमागून पुढं घेतले. हे चांगलं लक्षण नव्हतं. मी घाईघाईनं म्हटलं, "पण आबा, स्थळ तर मीच शोधलं ना! रेश्मानं मला..."

भावजींनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मला पुढचं सगळं कळलं.

"रेश्माताईला आम्हीच सांगितलं होतं, वहिनी. आबांना तुमचंच पटतं म्हणून."

घ्या! मी स्थळ शोधलं म्हणून सगळ्या भावकीत सांगून झालं होतं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तर दोन दोनदा! आणि मी होते कोण? नुसती पोस्टाची पेटी!

पण माझ्या दुःखाकडं बघायला कुणाला वेळ नव्हता. इंदिराताईंनी चष्मा सावरला आणि थंड आवाजात विचारलं, "मग माझ्या पणजीची गोधडी कुठं आहे?"

"वरकुट्याला, घरी," भावजी म्हणाले. "आईकडं. नीट ठेवलीय."

सगळ्यांनी आत्यांकडं बघितलं. मघापासून वाघिणीसारख्या उभ्या असलेल्या आत्या एकदम मांजर झाल्या. "ती व्हय... मऊ, तांबड्या काठाची?"

"तीच! आहे ना?" वल्लरीनं विचारलं.

"हाय. हाय की." मग माझा दंड धरून त्या मला बाजूला घेऊन गेल्या. "सुप्रिया, मला वाटलं राजूनं भाड्याच्या खोलीतलं जुनेर आणलंय. मी ती म्हशीला घातली गं!"

"म्हशीला?"

"थंडी केवढी हाय! पाठीवर टाकून सुतळीनं बांधलीय."

मी तोंडावर हसू आणलं आणि इंदिराताईंना म्हटलं, "ताई, आपण निवांत जेवू या. गोधडी उद्या मी स्वतः आणून देते, धुऊन, घडी करून."

"आत्ता जायचं," इंदिराताई म्हणाल्या. "मला ती आत्ता बघायचीय."

पुढं आमची बोलेरो, मागं त्यांची गाडी. आमच्या गाडीत नुसता गोंधळ. घरी कुणीच नव्हतं. आम्ही पोचायच्या आत म्हशीवरची गोधडी काढू शकेल असं सगळ्या वस्तीवर एकच माणूस होतं. साखरबाई!

"मी न्हाय तिला फोन करायची," आत्या म्हणाल्या.

"आत्या, लग्न मोडेल!"

आत्यांनी देवाचं नाव घेतलं आणि फोन कानाला लावला. "साखरे? मी द्वारका बोलतीया."

पलीकडून साखरबाईंचा आवाज अख्ख्या गाडीला ऐकू आला. "कोण द्वारका? आमच्या वळखीत कोण द्वारका न्हाय."

"आगं, गोधडी घावली."

"घावली? आस्सं! मग आता म्हण, साखरबाई चोर न्हाय."

"न्हायस."

"मोठ्यानं म्हण. माळ्यावर हाय मी, ऐकू येत न्हाय."

अंथुर्ण्याच्या चौकात लाल दिव्यासारखा चेहरा करून आत्यांना मोठ्यानं म्हणावं लागलं. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानंही ऐकलं आणि मान डोलावली. मग साखरबाई खूश होऊन म्हणाल्या, "आत्ता काढते बघ गोधडी! आत्ता!"

त्यांनी खरंच काढायला घेतली. पण आमची म्हैस म्हणजे आत्यांचीच लाडकी, परक्या हाताची तिला सवय नाही. आम्ही वस्तीच्या वळणावर पोचलो तर समोरून म्हैस येत होती. दावं तुटलेलं, पाठीवर गोधडी, अशी दिमाखात, की वरातीतल्या घोड्यानं बाजूला व्हावं! मागून साखरबाई काठी घेऊन ओरडत होत्या, "आली! पाव्हणं, बाजूला व्हा!"

ह्यांनी करकचून ब्रेक मारला. मागच्या गाडीनंही मारला. म्हशीनं दोन्ही गाड्यांकडं बघितलं, तिला एकही पसंत पडली नाही, आणि ती उजवीकडच्या उसात शिरली. आदल्या दिवशीच पाणी दिलेला ऊस!

"माझ्या पणजीची गोधडी!" इंदिराताई गाडीतून उतरत ओरडल्या.

"माझी म्हस!" आत्या ओरडल्या.

"माझा ऊस!" आबा ओरडले.

आणि आम्ही सगळे उसात! भावजी एका सरीतून, वल्लरी दुसरीतून, हे तिसरीतून. पाती तोंडावर सपासप लागत होती. चिंतामणरावांचा बूट पहिल्याच सरीत रुतला, दुसरा दुसरीत. मला म्हशीची शेपटी दिसली म्हणून मी ती घट्ट धरली, तर तो आत्यांचा पदर निघाला. म्हैस मात्र पाटाच्या कडेला जाऊन थांबली होती आणि उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं खात होती. आबा पुढं झाले तशी ती फुसफुसली. भावजी गेले, तिनं शिंगं हलवली.

तेवढ्यात इंदिराताई चिखल तुडवत पुढं आल्या. कडक साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, चष्म्यावर चिखलाचा थेंब. त्यांनी म्हशीकडं बघितलं आणि आयुष्यभर वर्गात वापरलेला आवाज काढला.

"हलायचं नाही! आहे तिथं उभी राहा!"

म्हैस उभी राहिली. खरं सांगते, मीही राहिले. आबांनी तर पुन्हा हात मागं बांधले!

इंदिराताईंनी सुतळी सोडली, गोधडी ओढून घेतली आणि उजेडात धरली. शेणाचे डाग होते, कडब्याची कुसं होती, पण तांबडा काठ शाबूत होता. त्या तो काठ बोटांनी चाचपत उभ्या राहिल्या. मग त्यांनी वर बघितलं. डोळ्यांत पाणी, पण आवाज धारदार.

"द्वारकाबाई, माझ्या पणजीची गोधडी तुम्ही म्हशीवर घातलीत?"

आत्या खाली बघत होत्या. मला वाटलं, आता माफी मागतील. पण आमच्या आत्या त्या! मान वर करून म्हणाल्या,

"तुमी आमच्या ह्यांची चड्डी काचंत ठिवलीत. मी काय म्हणलं का?"

आणि हसण्याचा पहिला आवाज आला तो चिंतामणरावांचा! दिवसभर एक शब्द न बोललेला तो माणूस चिखलात बसकण मारून, पोट धरून हसत होता. "इंदिरा," ते धाप लागत म्हणाले, "तू उद्घाटनाला... त्या चड्डीवर... फुलं वाहिलीस गं!"

इंदिराताईंनी ओठ दाबून धरले. खूप वेळ धरले. मग तेही सुटले. आत्यांनी पदर तोंडाला लावला, साखरबाईंनी काठी टाकली, आणि उसात अशी काही हसाहशी झाली की म्हैसच घाबरून आपल्या पायांनी गोठ्यात निघून गेली.

घरी येऊन हातपाय धुतले, चहा झाला. आबांचा चेहरा मात्र अजून गंभीर होता. "हसणं झालं. पन पोरांनी परस्पर जमवलं, त्याचं काय?"

"कोणी जमवलं?" इंदिराताई म्हणाल्या. "आबा, आम्ही तर आज पहिल्यांदाच बघायला आलोय. अजून काहीच ठरलेलं नाही. मुलगा दाखवा."

आबा मिशीतल्या मिशीत हसले. "ह्ये बरं हाय. राजू, बस हितं!"

भावजींना पाटावर बसवलं. इंदिराताई आणि आत्या शेजारी शेजारी बसल्या आणि दोघींनी मिळून त्यांना असं काही सोललं, की मलासुद्धा दया आली.

"खोटं बोलता येतं का?" इंदिराताईंनी विचारलं.

"आता नाही येत," भावजी म्हणाले.

"गोधडी धुता येती का?" आत्यांनी विचारलं.

"शिकेन."

"मग शीक. आन तिलाबी ने संगं. तिनंच ट्रंकंतनं काढली हुती!"

दोघं मोटारीच्या पाण्याखाली संध्याकाळपर्यंत गोधडी धूत होती. जरा जास्तच वेळ लागला, पण त्यांना हाक मारायला कुणी गेलं नाही.

लग्न ठरलं. पणजीची गोधडी काही इंदिराताईंनी काचेत ठेवायला दिली नाही. म्हणाल्या, "उबेची वस्तू, दिव्याखाली ठेवून काय करायचीय?" ती आता वल्लरीबरोबर आमच्याकडंच येणार आहे. पण मग संग्रहालयातून श्रेया मॅडमचा फोन आला. ती दुसरी गोधडी तिथंच राहू द्या म्हणाल्या, लोक तीच बघायला येतात. आत्या लगेच हो म्हणाल्या. आबांनी मात्र एक अट घातली. पट्टीवर शिवणारीचं नाव येतंय, तसंच कापड देणाऱ्याचंही आलं पाहिजे!

आलं. मोठ्या अक्षरांत आलं.

तेव्हापासून आमच्याकडं पाहुणा आला की आबा त्याला ठिबक दाखवत नाहीत. थेट बारामतीला नेतात. परवा लग्नाच्या खरेदीला गेलो होतो, तर साड्यांच्या दुकानाआधी तिथंच गाडी थांबवली. पेटीपुढं उभं राहून, हात मागं बांधून, सहलीला आलेल्या बायकांना आपला वस्त्रोद्योग समजावून सांगत होते, "ही नाडीची जागा. काचंला हात लावू नका."

मी आपली हळूच सरकले ती पार फेट्यांच्या दालनात जाऊन उभी राहिले. तिथल्या एका बाईंनी मला विचारलं, "ते आजोबा कोण हो? इथले गाईड का?"

"काय की बाई!" मी म्हटलं. "मी पण आज पहिल्यांदाच आलेय!"